सी मधला ब्रेक आणि एकात एक लूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी या प्रोग्रामिंग भाषेत एकच लूप असतो तोवर ब्रेक कुणाला त्रास देत नाही. लूपमध्ये लूप आला, त्यात एखादा स्विच आला, की तोच ब्रेक अनोळखी वाटायला लागतो. याचं कारण मला असं दिसतं, की ब्रेक वाचताना आपल्या मनात "थांब" एवढाच अर्थ येतो. थांबून पुढे कोणत्या ओळीवर जायचं, हा अर्धा भाग राहून जातो. खालची बहुतेक उत्तरं त्या राहिलेल्या भागाबद्दल आहेत.

उदाहरणांमध्ये कीवर्ड आणि नावं देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. कंपाइलरला देताना कीवर्ड अर्थातच मूळ रूपात लिहायचे.

ब्रेक नेमका कोणत्या लूपमधून बाहेर काढतो?

ज्या लूपच्या किंवा स्विचच्या पोटात तो थेट बसला आहे, त्यातून. सी११ मानकाच्या (सी भाषेच्या २०११ सालच्या अधिकृत नियमांच्या) ६.८.६.३ या कलमात हाच नियम आहे: ब्रेकला वेढणारा सर्वांत लहान स्विच किंवा लूप संपतो. फॉर, व्हाइल आणि डू-व्हाइल या तिघांना नियम सारखाच. त्याबाहेर आणखी किती लूप आहेत याच्याशी ब्रेकला देणंघेणं नाही.

हा तुकडा पाहा:

फॉर (रांग = ०; रांग < ३; रांग++) {
    फॉर (स्तंभ = ०; स्तंभ < ५; स्तंभ++) {
        इफ (स्तंभ == २) ब्रेक;
        छापा(रांग, स्तंभ);
    }
}

किती ओळी छापल्या जातील? "दोन" असं उत्तर पुष्कळ जण देतात. खरं उत्तर सहा. रांग ० असताना स्तंभ ० आणि १ छापले जातात, स्तंभ २ झाला की ब्रेक होतो आणि आतला लूप संपतो. पुढची ओळ कोणती? आतल्या लूपच्या बंद होणाऱ्या महिरपी कंसानंतरची. तिथे काही लिहिलेलं नाही, म्हणून बाहेरच्या लूपची फेरी पूर्ण होते, रांग १ होते, आणि आतला लूप पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आधीच्या फेरीत ब्रेक झाला होता याची आठवण कुठेही राहत नाही. तीन रांगा, प्रत्येकी दोन ओळी.

त्याच जागी कंटिन्यू लिहिला तर?

बारा ओळी. कंटिन्यू लूप संपवत नाही, चालू फेरीचा उरलेला भाग तेवढा सोडतो. स्तंभ २ गाळला जातो. ०, १, ३ आणि ४ छापले जातात. तीन रांगांच्या मिळून बारा.

एक बारकावा इथेच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. फॉरमध्ये कंटिन्यू झाल्यावर स्तंभ++ चालतो. ब्रेक झाल्यावर तो चालत नाही. म्हणून ब्रेकने बाहेर पडल्यावर स्तंभची किंमत २ च असते, ३ होत नाही. डू-व्हाइलमध्ये कंटिन्यू थेट खालच्या अटीकडे जातो, वर डूकडे नाही.

इफमधून बाहेर पडायला ब्रेक चालतो का?

नाही. इफ हा लूप नाही आणि स्विचही नाही. ब्रेकला इफ दिसतच नाही. तो इफला ओलांडून बाहेरचा लूप किंवा स्विच शोधतो. असा कुणी सापडला नाही तर कंपाइलर एरर देतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. धोका असतो तो सापडतो तेव्हा, कारण मग कंपाइलरची काहीच तक्रार नसते.

या चुकीची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास विस्कळीत झालं. ११४ स्विचिंग केंद्रं एकमेकांना बंद पाडत होती आणि पुन्हा सुरू होत होती. नव्या आवृत्तीतल्या सी कोडमध्ये डू-व्हाइलच्या आत स्विच, स्विचच्या एका केसमध्ये इफ, आणि त्या इफमध्ये ब्रेक असा प्रकार होता. तो ब्रेक इफपुरता नव्हताच. तो स्विचमधून बाहेर गेला आणि जे काम व्हायला हवं होतं ते गाळलं गेलं. जाळ्यावरचा संदेशांचा भार कमी केल्यावर ते सावरलं. ब्रेकच्या एका ओळीकडे दोनदा का पाहावं, हे शिकवताना मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

लूपमध्ये स्विच आहे. "बाहेर पडा" हा पर्याय निवडला तरी मेनू पुन्हा येतो. का?

कारण तो ब्रेक स्विचने घेतला. व्हाइलच्या आत स्विच, आणि "बाहेर पडा" च्या केसमध्ये ब्रेक: स्विच संपला, व्हाइल चालूच. स्विच लूप नसला तरी ब्रेकच्या हिशेबात तो लूपच्या बरोबरीचा आहे. कंटिन्यूच्या हिशेबात मात्र नाही. स्विचमधला कंटिन्यू थेट लूपला लागू होतो.

सीच्या पूर्वजांपैकी एक असलेल्या बीसीपीएल भाषेत लूपमधून बाहेर पडायला ब्रेक आणि केसमधून बाहेर पडायला एंडकेस असे दोन वेगळे शब्द आहेत. सीने दोन्ही कामं एकाच शब्दावर टाकली. माझ्या मते हा सौदा महागात पडला, पण आता तो आहे तसा स्वीकारायचा.

उपाय सोपा आहे. "चालू" नावाचं व्हेरिएबल १ ठेवा, व्हाइलची अट तीच ठेवा, आणि त्या केसमध्ये ब्रेकच्या आधी चालू = ० करा. मेनू स्वतंत्र फंक्शनमध्ये असेल तर त्या केसमध्ये सरळ रिटर्न लिहा. स्विचऐवजी इफ-एल्सची साखळी लिहिली तर ब्रेक आपोआप लूपचा होतो. पर्याय तीन-चारच असतील तर तेही पुरतं.

मॅट्रिक्समध्ये संख्या सापडते, पण जागा चुकीची छापली जाते. ब्रेक तर लिहिला आहे!

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. म्हणून जरा सावकाश पाहू.

तीन रांगा आणि चार स्तंभ आहेत, मोजणी शून्यापासून. हवी असलेली संख्या रांग १, स्तंभ २ इथे एकदाच आहे. चार वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या कोडचं काय होतं ते बघा.

पहिली पद्धत: आतल्या लूपमध्ये संख्या जुळली की ब्रेक, आणि दोन्ही लूप संपल्यावर रांग व स्तंभ छापायचे. ब्रेक झाल्यावर बाहेरचा लूप चालू राहिला, रांग २ पूर्ण तपासून झाली, काही सापडलं नाही. शेवटी छापलं गेलं (३, ४). अशी जागा त्या मॅट्रिक्समध्ये नाहीच.

दुसरी पद्धत: "सापडलं" नावाचा फ्लॅग, म्हणजे ० किंवा १ धरणारं खुणेचं व्हेरिएबल, ठेवला. जुळल्यावर तो १ करून ब्रेक, आणि बाहेरच्या लूपची अट "रांग < ३ आणि सापडलं नाही" अशी केली. लूप वेळेवर थांबतो, पण छापलं जातं (२, २). आतल्या ब्रेकमुळे स्तंभ २ वर जागेवर राहिला. रांगेचं तसं झालं नाही. बाहेरच्या फेरीचा शेवट झाला, रांग++ चालला, आणि त्यानंतर अट तपासली गेली. फॉरमध्ये क्रम असाच आहे: आधी वाढ, मग अट.

तिसरी पद्धत: ब्रेक नकोच म्हणून दोन्ही लूपच्या अटींमध्ये फ्लॅग घातला. आता दोन्ही आकडे एकेक पुढे सरकतात: (२, ३). हे दिसायला सगळ्यांत सभ्य दिसतं, म्हणूनच डोळ्यांना चुकवतं.

चौथी पद्धत:

फॉर (रांग = ०; रांग < ३; रांग++) {
    फॉर (स्तंभ = ०; स्तंभ < ४; स्तंभ++) {
        इफ (मॅट्रिक्स[रांग][स्तंभ] == हवी) ब्रेक;
    }
    इफ (स्तंभ < ४) ब्रेक;
}

आतला ब्रेक जिथे आणून सोडतो, नेमकी त्याच ओळीवर दुसरा ब्रेक उभा आहे, आणि तो बाहेरच्या लूपचा आहे. रांग++ चालण्याआधीच बाहेर पडलो. उत्तर (१, २). इथे फ्लॅगही लागला नाही: आतला लूप पूर्ण झाला असता तर स्तंभ ४ झाला असता, ४ पेक्षा कमी आहे याचा अर्थ मध्येच सुटलो. हाच न्याय बाहेर लावा: दोन्ही लूप संपल्यावर रांग ३ पेक्षा कमी असेल तर संख्या सापडली, ३ असेल तर नाही. वाचणाऱ्याला हे जड जाईल असं वाटत असेल तर फ्लॅग ठेवा आणि दुसरा ब्रेक "इफ (सापडलं) ब्रेक;" असा लिहा.

एक अट: रांग आणि स्तंभ हे दोन्ही लूपच्या आधी जाहीर केलेले हवेत. सी९९ पासून फॉरच्या कंसातच व्हेरिएबल जाहीर करता येतं, पण ते त्या फॉरपुरतंच जगतं. बाहेर ते वापरायला गेलात की कंपाइलर अडवतो. याहून वाईट म्हणजे त्याच नावाचं जुनं व्हेरिएबल वर कुठेतरी असतं, आणि भलताच आकडा गुपचूप छापला जातो.

दोन्ही लूपमधून एकदम बाहेर पडायची चांगली पद्धत कोणती?

माझी पहिली पसंती रिटर्नला. शोधण्याचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढा आणि सापडताच रिटर्न करा. रिटर्न किती लूप खोल आहे ते बघत नाही, पूर्ण फंक्शनमधून बाहेर येतो. शिवाय "शोधा" हे नाव मिळाल्यामुळे बोलावणारा कोडही वाचनीय होतो. मात्र त्या फंक्शनमध्ये मेमरी घेतली असेल किंवा फाइल उघडली असेल, तर मधूनच रिटर्न केल्यावर ती सोडायची राहून जाते. तेवढं पाहा.

वेगळं फंक्शन काढणं खरोखरच अवघड असेल, कारण आतल्या कोडला आठ-दहा व्हेरिएबल लागतात, तर गोटू, म्हणजे लेबल (नाव) दिलेल्या ओळीवर थेट उडी. दोन लूपपर्यंत वरची दोन ब्रेकची पद्धतही छान चालते.

आयताकृती मॅट्रिक्स असेल तर एकच लूप पुरतो: क्रमांक ० पासून रांगा गुणिले स्तंभ इतका, त्याला स्तंभांच्या संख्येने भागलं की भागाकार म्हणजे रांग, बाकी म्हणजे स्तंभ. मग एकच ब्रेक सगळं संपवतो. गुणाकार इंटच्या मर्यादेत बसतो ना, एवढं बघायचं.

एक पद्धत मात्र सोडून द्या: आतल्या लूपमध्ये "रांग = ३" करून मग ब्रेक. बाहेरचा लूप थांबतो खरा, पण सापडलेली रांग पुसली जाते, आणि उद्या कुणी रांगांची संख्या बदलली की तो ३ तसाच राहतो.

पण गोटू वाईट असतो ना?

संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांचं गोटूविरुद्धचं प्रसिद्ध पत्र १९६८ सालचं. तेव्हा गोटू हाच कार्यक्रमाचा कणा असायचा. वर, खाली, लूपच्या मध्यात, कुठूनही कुठेही उडी. तो विरोध योग्यच होता. एकात एक लूपमधून फक्त पुढे, फक्त बाहेर उडी मारणारा गोटू हा वेगळा प्रकार आहे. लिनक्स कर्नलच्या लेखनशैलीत फंक्शनच्या शेवटी आवराआवर करायला गोटू राजरोस वापरतात. गाड्या आणि यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाळले जाणारे मिस्रा सी २०१२ चे नियम गोटू टाळायचा सल्ला देतात, पण वापरलाच तर लेबल पुढे असलं पाहिजे हे सक्तीचं करतात. एका लूपला संपवणारे ब्रेक किंवा गोटू एकापेक्षा जास्त नसावेत, असाही त्यांचा सल्ला आहे.

लेबल दोन्ही लूपच्या खाली लिहा आणि त्याला अर्थपूर्ण नाव द्या, "शोध_संपला" सारखं. सी२३ च्या आधीच्या मानकांत लेबलनंतर काहीतरी स्टेटमेंट लागतंच. लेबल ब्लॉकच्या अगदी शेवटी येत असेल तर त्यापुढे एकटा अर्धविराम द्या.

गोटूची खरी भीती महिरपी कंस गाळण्यात आहे. २०१४ साली अ‍ॅपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एका इफखाली गोटूची तीच ओळ दोनदा आली होती. कंस नव्हते, म्हणून दुसरी ओळ इफच्या बाहेर पडली आणि दर वेळी चालली. पुढची स्वाक्षरीची तपासणी गाळली गेली. हेच ब्रेकच्या बाबतीतही घडतं. इफखाली एकच ओळ असली तरी कंस लिहा. जीसीसी या कंपाइलरच्या ६ व्या आवृत्तीपासून फसव्या इंडेंटेशनबद्दल (ओळींच्या डावीकडच्या मोकळ्या जागेबद्दल) इशारा मिळतो, सगळे नेहमीचे इशारे सुरू केले की तोही सुरू होतो.

जावासारखा नाव दिलेला ब्रेक सीमध्ये आहे का?

सी२३ पर्यंत नाही. जावा, गो आणि रस्टमध्ये लूपला नाव देऊन त्या नावाने ब्रेक करता येतो. पीएचपीमध्ये "ब्रेक २" म्हटलं की दोन पातळ्या बाहेर. सीच्या पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यात नावाचे लूप स्वीकारले गेले आहेत. तोपर्यंत गोटू आणि लेबल हाच नाव दिलेला ब्रेक समजा.

आतलाच ब्रेक हवा असतो, अशीही उदाहरणं असतात ना?

भरपूर. २ ते १०० मधल्या मूळ संख्या शोधताना बाहेरचा लूप संख्या घेतो आणि आतला भाजक तपासतो. ९१ ला ७ ने भाग गेला की पुढचे भाजक बघायची गरज नाही. आतला ब्रेक, आणि ९२ कडे. इथे बाहेरचा लूप थांबला तर उलट नुकसान.

या कार्यक्रमात ब्रेक बरोबर असूनही एक चूक हमखास होते. "मूळ = १" ही ओळ बाहेरच्या लूपच्या आत हवी, ती वर राहते. मग ४ ला फ्लॅग ० होतो आणि कायमचा ० राहतो. छापलं काय जातं? फक्त २ आणि ३. असं उत्तर आलं की ब्रेककडे नाही, फ्लॅगच्या जागेकडे बघायचं.

बबल सॉर्टमध्ये, म्हणजे शेजारच्या जोड्यांची अदलाबदल करत यादी क्रमाने लावताना, गोष्ट उलटी आहे. संपूर्ण फेरीत एकही अदलाबदल झाली नाही तर थांबायचं, म्हणजे तो ब्रेक बाहेरच्या लूपचा, आतला लूप संपल्यानंतरच्या ओळीवर. तो आत घुसला तर १, २, ९, ५ या यादीत पहिली जोडी क्रमात दिसताच आतला लूप सुटतो. ९ आणि ५ यांची गाठच पडत नाही. यादी होती तशीच राहते.

ब्रेक आतल्या लूपमध्ये लिहिला आहे, तरी बाहेरचा लूप पहिल्याच फेरीत संपतो. हे कसं?

आतल्या फॉरच्या कंसानंतर अर्धविराम पडला आहे का बघा. त्या अर्धविरामाने आतला लूप तिथेच रिकामा संपतो. खालचा महिरपी कंसातला भाग साधा ब्लॉक उरतो, आणि त्यातला ब्रेक बाहेरच्या लूपचा होतो. लूप एकटा असता तर कंपाइलरने एरर दिली असती. बाहेर दुसरा लूप असल्यामुळे ब्रेकला मालक मिळाला आणि कंपाइलर गप्प बसला. या एका अर्धविरामामागे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे, कारण मी ब्रेकच्या ओळीकडेच बघत बसलो होतो आणि चूक तिच्या दोन ओळी वर होती.

मॅक्रोमध्ये ब्रेक लिहिला तर?

जपून. अनेक ओळींचा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी नावाच्या जागी चिकटवला जाणारा कोड) डू-व्हाइल(०) मध्ये गुंडाळायची चांगली पद्धत आहे. पण डू-व्हाइल हा लूपच. मॅक्रोमधला ब्रेक त्या वेष्टनातूनच बाहेर येतो, तुमचा लूप चालूच राहतो. आणि वापरणाऱ्याला मॅक्रोच्या आतला लूप दिसत नाही. ब्रेक मॅक्रोच्या बाहेर, उघडा लिहा.

डीबगरमधल्या ब्रेकशी याचा काही संबंध?

नाही. जीडीबी या डीबगरमधली, म्हणजे चुका शोधायच्या साधनातली, ब्रेक ही आज्ञा एखाद्या ओळीवर थांबा लावते. नाव सारखं, काम वेगळं.

ब्रेकमुळे कार्यक्रम वेगवान होतो का?

नको असलेल्या फेऱ्या वाचल्या तर होतो. ब्रेक स्वतः म्हणजे यंत्राच्या पातळीवर एक उडी, बाकी काही नाही. मात्र मध्येच सुटणारा लूप कंपाइलरला एकदम चार-आठ घटकांवर चालवणं कठीण जातं. जीसीसीमध्ये अशा लूपसाठी ही सोय १४ व्या आवृत्तीत आली. ओपनएमपी या समांतर प्रोग्रामिंगच्या सोयीने समांतर केलेल्या फॉरमधून ब्रेक करता येत नाही. त्याच्या आत साधा लूप असेल तर त्यातला ब्रेक चालतो, कारण तो समांतर लूपची सीमा ओलांडत नाही.

माझे ब्रेक बरोबर बसलेत हे तपासू कसं?

प्रत्येक ब्रेकवर बोट ठेवा आणि मग ते बोट पुढच्या ओळीवर न्या. खात्री नसेल तर आतल्या लूपच्या नंतर आणि बाहेरच्या लूपच्या नंतर एकेक छापायची ओळ टाका, दोन्हीकडे रांग आणि स्तंभ छापा. वरच्या चार पद्धतींमधला फरक दोन मिनिटांत डोळ्यांसमोर येतो.

चाचणीची संख्या कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. ती पहिल्या घरात ठेवून बघा, अजिबात न ठेवता बघा, आणि दोन वेगळ्या रांगांमध्ये दोनदा ठेवून बघा. सापडलेली जागा साठवणाऱ्या कोडमध्ये बाहेरचा ब्रेक लिहायचा राहिला असेल, तर दोनदा ठेवल्यावर पहिलीऐवजी दुसरी जागा मिळते. संख्या एकदाच असेल तर साठवलेलं उत्तर बरोबरच येतं. आणि ती शेवटच्या रांगेत असेल तर फालतू फेऱ्याही होत नाहीत, कारण त्यानंतर चालायला बाहेरच्या लूपकडे एकही रांग उरलेली नसते.